शुक्रवारचं पत्रक

मंडळी,
हे एकोणिसावं पत्रक.
वाचनालयाच्या मागच्या भिंतीला गाडी लावून लिहितेय,
कारण आमच्या रस्त्यावर नेट अजून पोचत नाही
(पाच वर्षांपूर्वी ते पोचवीन म्हणाले होते मीच;
तुम्ही विसरला नाहीत, ठाऊक आहे मला.)

घरी थांबण्याचा आदेश पंधरा मेपर्यंत वाढला.
वल्ह्याची होडी चालेल.
मोटारीची नाही.
का, ते मी विचारलं.
राजधानीतून चार पानी उत्तर आलं,
त्यात होडी हा शब्दच नव्हता.

बेकारी भत्त्याच्या फोनसाठी
आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वार ठरलेत.
मर्ना लेहतो, तुझा वार सोमवार.
तू मंगळवारी एकशेचाळीस वेळा फोन लावलास,
आणि एकशेएकेचाळिसावा मला.
तुझं म्हणणं जसंच्या तसं वर कळवलं आहे,
दोन शब्द वगळून.

दुकानात बियाण्यांच्या फळ्यांपुढे पिवळी फीत लावली आहे.
बियाणं गरजेचं नाही असं कुणीतरी ठरवलं,
ज्याच्या खिडकीतून फक्त पार्किंग दिसतं.
माझ्याकडे मागच्या वर्षीचे वाटाणे आहेत, थोडं बीट.
पोस्टाच्या पेटीशेजारी बरणीत ठेवलेत.
मूठभर घ्या.
अर्विद, तू अर्धी मूठ.

वृद्धाश्रमात भेट खिडकीतूनच.
कृपा करून शिडी आणू नका,
वरच्या मजल्यावरच्यांना दर बुधवारी खाली आणणार आहेत.
शिडी कुणी आणली त्याचं नाव मी घेणार नाही,
तो माझा भाऊ आहे.

आता आकडा.

दर शुक्रवारी इथे शून्य लिहीत आले.
एकदा बोट दाबलं की झालं,
आणि खरं सांगते, त्यात थोडी ऐटही होती,
जणू ते शून्य मीच मेहनतीनं राखलं होतं.
आज एक.

खात्याचा नियम आहे:
नाव नाही, वय नाही, गाव नाही.
खात्याला काय सांगू,
आपल्या अख्ख्या जिल्ह्यात सिग्नल एक,
तोही हिवाळाभर नुसता पिवळा मिचकावतो.
इथे एक हा आकडा नसतो.
एक म्हणजे सकाळचे नऊ वाजून गेले तरी
कुणाच्या तरी दारापासून रस्त्यापर्यंत
कुणी न उपसलेला बर्फ.
कोंबडं झाकून ठेव म्हणाले. ठेवलं.
तुमच्याकडे उजाडायचं ते उजाडलेलंच आहे.

पुढची सूचना.
शाळा बंद असली तरी मुलांचे डबे बसनेच येतील.
एक आणि दोन नंबर नेहमीच्या वेळी.
तीन नंबर पुलापर्यंत, कारण पुलाचं तुम्ही जाणताच.
चार नंबरची बस
सोमवारपासून दहा मिनिटं उशिरा येईल.
ड्रायव्हर नवा आहे.

त्याला अजून माहीत नाही
की निमींच्या दारात हॉर्न वाजवायचा नसतो,
रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो;
की जुन्या खाणीच्या वळणावर
एक मुलगी हात करेपर्यंत थांबायचं असतं,
डबा घेतला तरी, हात करेपर्यंत;
की शेवटच्या थांब्यावर मूल एकही नाही,
एक कुत्रा आहे,
आणि बस तिथवर तरीही जाते.
त्याला सांगा.
सहा फुटांवरून सांगा, पण सांगा.

इथे आणखी एक ओळ होती.
नियमात बसेना. खोडली.

वाचनालयाचं नेट आठला बंद होतं,
तेव्हा पाठवतेच.
फोन रात्रीही चालू आहे.

आणि हो,
सोमवारी चार नंबरच्या रस्त्यावर
कुणी जुन्या वेळेलाच दाराबाहेर येऊन उभं राहिलं
तर ते आदेशात बसतं, मी वाचून पाहिलंय.
दहा मिनिटं आहेत.

कोट घाला.
सरोवराकडून वारा आहे.