जाळ्याचा वाटा

बाबा बोटीवरून उतरले तेव्हा बॅगेत चॉकलेटं नव्हती,
एक कॅसेट होती.
लेबलावरची शाई खाऱ्या हवेने चाटून नेलेली,
उरला होता फक्त एक सिंह, तोही अर्धा.
देवबागला वीज नव्हती त्या रात्री,
सेल घालून ऐकलं आम्ही चौघांनी.
जनूदादा म्हणाला,
"ह्यांचो ढोलवालो आजारी आसा काय?
पयल्या ठोक्याक गप्पच ऱ्हवता."

तेवढं गप्प राहायला शिकण्यात आमची चार वर्षं गेली.
भजनातले बाळा मेस्त्री चिडायचे:
समेवर थाप नाही म्हणजे
देवळाच्या पायरीवरून परत फिरणं.
जनू ऐकून घ्यायचा
आणि समेवर हात वरच धरायचा.
खाली जी पोकळी पडे
तिच्यात मी बास सोडायचे, एकच जाड सूर,
सुकतीच्या वेळी खाडी सरकते तसा.
कुंदाताईच्या गिटारीला फक्त मधल्या जागा:
च्यक. च्यक.
विळीवर बांगड्याची शेपटी उडवावी तशा.
बाबलचा कीबोर्ड जुना, कुणाच्या तरी लिलावातला.
त्याची एक काळी पट्टी कधीच वाजली नाही,
म्हणून आमची सगळी गाणी
त्या सुराला वळसा घालून जातात.
पुण्याच्या एका समीक्षकाने त्याला शैली म्हटलं.

नाव ठेवलं रापण.
पैसेही रापणीसारखेच पडायचे,
चौघांचे चार वाटे आणि जाळ्याचा एक.
जाळं म्हणजे अॅम्प, तारा, टेम्पोचं डिझेल.

हळदीला वाजवलं. नवऱ्याचा मामा म्हणाला,
"नाचूक येयत असां कायतरी वाजवा रे!"
तारकर्लीच्या रिसॉर्टवर वाजवलं,
लोक पाठ करून कोलंबी सोलत होते.
धामापूरच्या जत्रेत, दशावतार उभा राहायच्या आधी,
रंगपेटीशी बसलेल्या राक्षसाने
अर्धीच मिशी काढलेल्या तोंडाने मान डोलावली.
ती आमची पहिली खरी दाद.

मग दादरचा स्टुडिओ. तिथला माणूस म्हणाला,
जटांचे टोप लावा, फोटो चांगला येईल.
कुंदाताईने वेणी पुढे घेतली
आणि विचारलं, ही कुठे ठेवू?
"सुकती" रेडिओवर आठ महिने वाजलं.
त्या वर्षी जाळ्याच्या वाट्यातून घरावर स्लॅब पडला.

पण कव्हरवर छापून आलं:
गीत, संगीत – जनार्दन मेतर.
छापणाऱ्याची चूक, जनू म्हणाला.
असेलही.
पण दुसरी ओळ ताईची होती,
पाण्यात उभी राहून, जाळं ओढता ओढता सुचलेली,
आणि छापणाऱ्याला नाव कुणी सांगितलं होतं?
वर्षभर दोघं एकाच स्टेजवर
एकमेकांकडे न बघता वाजवत होती.
ताल चुकला नाही, एवढंच वाईट.

जनू बोटीवर गेला. इंजिनरूममध्ये नाही,
वरच्या मजल्यावर, दिव्यांच्या हॉलमध्ये.
तिथे तो समेवर वाजवतो, असं कळवलं त्याने.
प्रवाशांना तेच लागतं.

आम्ही दुसरा ढोलवाला घेतला नाही.
पैशाची गोष्ट नव्हती.
त्या जागी तसंही काही वाजत नव्हतं.
बाबल अजून पाच वाटे पाडतो,
एक बिस्किटाच्या डब्यात टाकतो
आणि डबा कीबोर्डच्या पेटीत ठेवतो.
मधे दोन पावसाळ्यांत समुद्राने
आमच्या मागची सुरूची रांग नेली,
डबा तेवढा भरत राहिला.

यंदाच्या जत्रेत "सुकती" चालू होतं.
लोक समेवर टाळ्या देत होते,
ते कधीच शिकणार नाहीत.
आणि अगदी मागे, नारळवाल्याच्या पलीकडे,
एक हात वर, अडकलेला.

बाबलने डबा उघडून त्याच्या पुढे धरला.
त्याने मोजले नाहीत.
टेम्पोत मागे चढला,
अॅम्प आणि सुक्या सुंगटांच्या पोत्याच्या मधे जागा करून बसला,
सवयीने पाय आखडून.
साकवापर्यंत कोणी बोललं नाही.

मग कुंदाताईने, बाहेर काळोखात बघत,
जिभेने केलं:
च्यक.