सराव क्रमांक तीन

देवरे सरांनी फळ्यावर लिहिलं:
एक माणूस, एक काम, बारा शॉट.
संवाद नाही. संगीत नाही. शनिवारपर्यंत.
आणि हातावरचा खडू झटकत म्हणाले,
सिनेमा करायला जाऊ नका, सराव करा.

म्हणून आम्ही चौघं तांबट आळीत,
सकाळी सात, दुकानांच्या फळ्या अर्ध्या उघड्या.
कॅमेरा जुनेदच्या मेहुण्याचा, लग्नांतला,
पट्ट्यावर अजून कुणाच्या तरी हळदीचा डाग.
ट्रायपॉडचा एक पाय आखूड,
त्याखाली प्रणीलच्या वहीचा पुठ्ठा.
आवाज माझ्याकडे:
आईची जळमटं काढायची काठी,
टोकाला माईक, माईकवर लोकरी मोजा.
गंगेवरून वारा आला की मोज्याची लव हलायची
आणि मला वाटायचं, मला काहीतरी येतंय.

वडनेरेकाका घंगाळ ठोकत होते.
पुन्हा करा ना काका, मृण्मयी म्हणाली.
काय पुन्हा?
तेच. हातोडी उचलण्यापासून.
त्यांनी उचलली.
आता जवळून. उचलली.
आता फक्त हात.
सहाव्या वेळी म्हणाले,
पोरी, एकाच जागी सहादा ठोकलं तर पत्रा फाटतो.
तिने वही उघडली, लिहून घेतलं,
मग आठवलं: संवाद नाही.

चहाआधी पंचा डाव्या खांद्यावर होता,
चहानंतर उजव्या.
चौघांचे आठ डोळे, एकालाही दिसलं नाही.
रेषा ओलांडू नका, सर शंभरदा सांगायचे;
पलीकडे ऊन बरं पडलंय म्हणून
जुनेद गल्ली ओलांडून गेला
आणि काका पडद्यावर एकदम उलटे बसले,
घंगाळाशी भांडण झाल्यासारखे.

शेवटी मी म्हटलं, रूम टोन.
म्हणजे काय रे?
म्हणजे काही नाही काका. कुणी हलायचं नाही,
तीस सेकंद या जागेची शांतता घ्यायची.
ते हसले. चाळीस वर्षं इथे बसतोय,
मला नाही कधी भेटली.
सापडली तर ऐकव.

काठी उचलली. हेडफोन दाबले.
शेगडीत कोळसा तडकला.
शेजारच्या दुकानातली ठोक थांबली,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
रविवार कारंज्याकडे एक रिक्षा, लांब.
वर पत्र्यावर कबुतराची नखं.
सतरा, अठरा.
खांदा भरून आला, काठी कापायला लागली,
मी फक्त आकड्यांकडे बघत होतो.

रात्री प्रणीलच्या खोलीत, कॉलेज रोडला,
बारांतले चार शॉट कसेबसे जुळले.
पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर माकडासारखा.
आणि सगळ्यात शेवटी एक शॉट, जो आम्ही घेतलाच नव्हता:
जुनेद कॅमेरा बंद करायला विसरला होता.

काका. हातोडी हवेत.
हलायचं नाही म्हटलं होतं, ते हलले नव्हते.
कोपरापासून मनगटापर्यंत बारीक थरथर,
डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत,
माझ्याकडे. मी बस म्हणायची वाट बघत.
आणि माईकमध्ये, कबुतराच्या खाली,
मला तेव्हा ऐकू न आलेला त्यांचा श्वास.

प्रणील म्हणाला, यात काम कुठाय? काढ.
मृण्मयी म्हणाली, हेच तर काम आहे.
जुनेद काहीच बोलला नाही, त्याची चूक होती ना.
दोनपर्यंत भांडलो. मग काढला.
सरांनी दहापैकी पाच दिले,
पंच्याचा वेगळा उल्लेख, लाल पेनाने.

सोमवारी मी एकटाच गेलो, फोन घेऊन.
काकांनी हेडफोन उजव्या कानाला लावला,
मान हलवली, डाव्याला लावला.
हातोडी मांडीवर ठेवून
पुरते तीस सेकंद ऐकलं.
मग वर पत्र्याकडे बघत विचारलं,
ही कबुतरं रोज असतात?