गोलातला दोन

लातूरहून उदगीरला सेट निघतो
पहाटे पावणेसहाला.
मोटर, पंप, दिव्याची पेटी डिकीत.
दुर्बीण मात्र माझ्या मांडीवर,
तान्ह्या लेकराची मान धरावी तशी.
शेजारचा विचारतो, काय न्यायलाव मामा, बासरी?
मी हो म्हणतो.

शिसपेन्सिलीहून बारीक आहे ती.
टोकाची काच तिरकी कापलेली,
सरळ आत शिरते आणि तीस अंश बाजूला बघते.
असल्या नजरेच्या माणसाला
आमच्याकडं कुणी पोरगी दिली नसती.

गेल्या साली हैदराबादच्या हॉटेलात
कंपनीनं आम्हाला जगाचा बाजार दाखवला.
पडद्यावर गुडघा नव्हता, खांदा नव्हता.
एक बाण होता, वर वर जाणारा,
आणि एक रंगीत वर्तुळ, भाकरीसारखं मोडलेलं.
अमेरिकेचा चतकोर मोठा. युरोप. जपान.
मी उदगीर शोधत राहिलो.
बिराजदार शेठ कानाशी म्हणाले,
ती राखाडी फाक बघ, 'इतर' लिहिलेली,
त्यात आपण.
मग जेवायला सोडलं.

शिवकांता हुडगे. वय एकवीस.
भरतीच्या आठशे मीटरला
शेवटच्या वळणावर पाय रुतला आणि अंग पुढं गेलं.
आता कमरेखाली बधिर, वर टक्क जागी.
पडदा तिच्याकडं वळवलेला.

काजाएवढी दोन भोकं.
पाणी सोडलं तसे आत पांढरे धागे डोलायला लागले,
मांजरेच्या डोहातलं शेवाळ जसं.
मग गादी दिसली. फाटलेली,
कड उलटून वर आलेली, ओल्या पापडाची येते तशी.
हे माझंय? ती म्हणाली.
डॉक्टर नागरगोजे म्हणाले, मग शेजारणीचं दाखवू?
ती हसली नाही. बघत राहिली.
मीही बघत राहिलो. पंधरा वर्षं बघतोय,
माणूस आतून इतका स्वच्छ असतो
यावर अजून विश्वास बसत नाही.

पात्याच्या खोक्यावर एक खूण असते:
गोलात दोन, दोनावर तिरकी रेघ.
दुसऱ्यांदा नाही, असा त्याचा अर्थ.
खोकी आम्ही लातुरातच ठेवतो.
पाती धुऊन, गॅसमधून काढून
साध्या पाकिटात येतात, आणि पाकिटावर
मी मार्करनं रेघा मारतो, दुधाच्या रतीबासारख्या,
म्हणजे सातच्या पुढं जायला नको.
बिलात ते दर वेळी नवंच असतं.

सिस्टरनं पाकीट फोडायच्या आधी
शिवकांतानं मान वळवली.
मामा, ह्या चार रेघा कशाच्या?

माझ्या बॅगेत एक कोरं होतं.
खोक्यासकट. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यासाठी,
सोमवारच्या कुण्या साहेबाच्या खांद्याला.
साइज आहे, मी म्हणालो.
चार नंबर.
ती बरं म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडं वळली.

पातं चाललं. चांगलंच चाललं, खोटं कशाला बोलू.
कड गुळगुळीत झाली, दोन टाके पडले,
सव्वा तासात पाय पट्टीत.
मी सेट पुसला, मोजला, भरला,
आणि परतीच्या गाडीत, चाकूरच्या अलीकडं,
पाकिटावर पाचवी रेघ मारली.
हिसक्यानं ती वाकडी गेली.

त्याला आता आठ महिने झाले.
उदगीरच्या रस्त्याला, उजाडायच्या आत,
पोरी पळत असतात. कानाला रुमाल,
पायात भावांचे बूट.
खिडकीतून मी तोंडं बघत नाही, गुडघे बघतो.
एखादी जरा जपून पाय टाकते.
थंडीनंही असेल.

गाडी पुढं जाते. मी मान तिरकी करतो,
जेवढी होते तेवढी,
आणि मांडीवरची बासरी घट्ट धरतो.