लंबगोल

एकतीस वर्षं मी लोकांचं काम नापास केलं.
तुर्भ्याच्या कंपनीत, पांढऱ्या ट्यूबखाली,
डाव्या हातात व्हर्नियर, उजव्या हाताशी लाल शिक्का.
दोन शतांश मिलिमीटर जाड, तर परत मशीनवर.
दोन शतांश बारीक, तर भंगार.
निरोप समारंभात घड्याळ मिळालं,
ते मी आधी उजेडात तिरपं धरून पाहिलं
आणि सगळे हसले.

नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो,
तुम्ही लेथवर कसे आलात?
मी कधी सांगतो, गुडघ्यामुळे.
कधी सांगतो, नातीचा भोवरा फुटला म्हणून.
नात आहे. भोवरा नव्हता.

खरं एवढंच, की वागळे इस्टेटमध्ये
गिझरची कॉइल शोधत हिंडत होतो
आणि एका गाळ्यातून वास आला
ओल्या लाकडाचा, किंचित आंबट,
ताक सांडून पुसल्यावर फरशीला राहतो तसा.
आत डॉक्टर थेल्मा परेरा, केसांत भुसा,
ओळख ना पाळख, म्हणाल्या,
उभे आहात तर ते दार ओढून घ्या, वारा येतोय.
मी आतून ओढलं.

भूल देणाऱ्या डॉक्टर त्या.
आठवडाभर मी माणसं झोपवते, म्हणतात,
इथं डुलकी लागली तर पटाशी बोट मागते.
भावेश केणी तर पार्सल द्यायला आला होता.
एवढं जड काय आहे हो, म्हणून थांबला,
खोक्यातून चक निघाला, तो लेथवर चढेपर्यंत थांबला,
त्या दिवशी कोपरीच्या तीन डिलिव्हऱ्या राहिल्या.
आज आमच्यात त्याचाच हात सगळ्यात हलका.

आणि लेथ? तो गनीचाचांचा.
कौशात चाळीस वर्षं पलंगांचे पाय कातले त्यांनी,
पाळण्याचे खूर, लाटणी, देवघराचे खांब.
मग बॉक्सचे पलंग आले.
पलंगाचे पाय गेले, म्हणतात, तसे माझेही.
लेथ आम्ही विकत घेतला. टेम्पोतून उतरवला,
तर पुढच्या सीटवरून चाचाही उतरले.
मशीन दिली, म्हणाले, सवय कुठं देऊ?
तेव्हापासून दर रविवारी
स्वतःचं स्टूल घेऊन येतात. परत घेऊन जातात.

आम्ही हौशी. लाकूड फुकट मिळालेलं,
पोखरण रोडवर तोडलेल्या शिरीषाचं,
पालिकेच्या माणसाला चहा पाजून आणलेलं.
चाचांना ते कळत नाही.
विकायचं नाही, मग एवढं घासता कशाला?
कुणाकडे उत्तर नसतं. थेल्मा चष्मा पुसतात.
एकदा भावेशने एक पाय कातला,
तीन मणी, मध्ये घागर, खाली निमुळता.
चाचांनी अंगठा फिरवला.
कुठल्या पलंगाचा?
पलंग नाही चाचा, नुसता पाय.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, अजून तीन कर.

मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली.
आधी पाठ टेकव. पटाशीची पाठ
फिरत्या लाकडावर नुसती टेकव, कापू नकोस,
मग मनगट थोडं उचल. धार आपली आपण येते.
मी उलटं करायचो. धार आधी.
खाटकन लाकूड उडायचं,
एकदा पत्र्याला पोक आला, तो अजून आहे.

सातव्या महिन्यात वाटी झाली.
गोल. मी शपथेवर सांगतो, गोल होती.
पण लाकूड ओलं. चाचांनी बजावलं होतं,
ते तुझ्या घरी जाऊनही हलत राहील.
स्वयंपाकघरात सुमेधाने तिच्यात लसूण ठेवला
आणि तीन आठवड्यांत
ओट्यावर ती डुगडुगायला लागली.

काल रात्री कपाटातून व्हर्नियर काढला.
जबडा घट्ट झालेला, तेलाचं बोट फिरवलं.
लसूण ताटात ओतला.
इकडून एकशे अठ्ठेचाळीस.
तिकडून एकशे एक्केचाळीस.
सात मिलिमीटर. सात! एवढ्यावर आम्ही
अख्खी लॉट परत पाठवायचो, पत्रासकट.
उजवा हात ओट्यावर काहीतरी चाचपत राहिला.

आतून सुमेधाने विचारलं, किती?

पाकळ्या एकेक करून परत वाटीत टाकल्या.
म्हटलं, लसूण मावतो.