चूक क्रमांक सतरा

औलूत डिसेंबरातली दुपार, तीनलाच काळोख.
इल्मो वाचतो तैमीचा प्रश्न:
"चूक १७ म्हणजे माझं काय चुकलं?"

तिचं काहीच नाही.
एकोणीस वर्षांपूर्वीच्या जागरणात
त्यानंच लिहिली ती ओळ,
घाईत, एक अक्षर गाळून.

सुधारावी, तर बंदरावरच्या राइलीचा प्रोग्रॅम
रोज पहाटे शोधतो
नेमकी तीच अक्षर गळालेली ओळ.
नाही सापडली, तर जहाजं खोळंबायची.

मग ती राहते तशीच, चुकीसकट.
खाली तो नवी लिहितो:
फाइल सापडली नाही.
नाव एकदा पाहा कुठे ठेवली होती तेही आठवा

कॉफी निवते.
तैमीचं उत्तर येतं:
"मधे पूर्णविराम हवा ना?
सोबत दुरुस्ती जोडलीय."