कोंचम

साखर पेठेत गुरुवारी माग बंद.
अंबाडीची जुडी निवडत बसलो,
भिंतीपलीकडून नरसम्मा सांगत होती:
डाळ कोंचम, तिखट कोंचम,
चिंच नको, पाला मुळात आंबट.

कोंचम म्हणजे किती?
वाटीभर? चिमूटभर?
अठ्ठावीस वर्षं सूत सांभाळलं,
एक धागा तुटला तरी कानाला कळायचं,
आणि इथं हात डब्यातच अडलेला.

लसूण करपला.
मांजरीनंसुद्धा हुंगून सोडला.
पुन्हा फोडणी.

महानंदा विड्या देऊन आली,
बोटांना तंबाखूचा वास.
परवाची कडक भाकरी कडाकडा मोडली,
भाजीत भिजवली, चावत राहिली.
मग शेंगाचटणीची बरणी ओढली.
म्हटलं, गेलं.

तिनं बरणी
तशीच मागं सारली.
"मीठ," म्हणाली,
"कोंचम."