कूलर

वाळूज. मागची गल्ली, गाळा नंबर एकोणचाळीस.
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश, भट्टीत चौदाशे,
आणि मधल्या फरकात आम्ही दोघं, मी आणि मुख्तार.

तीन वाटे निकेल, एक वाटा अ‍ॅल्युमिनियम.
वजनानं नाही, अणू मोजून.
हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
मोजूनच बसवावं लागतं मॅडम,
मामूंच्या मागावर एक धागा चुकला
की चार बोटं पुढं फुलाचं तोंड फिरतं.
हिमरूच्या मागाखाली रांगलेल्या माणसाला
स्फटिक शिकवावा लागला नाही.

कोपऱ्यांवर अ‍ॅल्युमिनियम,
प्रत्येक भिंतीच्या मधोमध निकेल,
कुणी कुणाच्या पाटावर बसायचं नाही.
या विणीतून दोष सरकतो तोही जोडीनं :
पुढचा उसवतो, मागचा सावरतो,
दोघांच्या मधे एक चिंचोळी पट्टी
जिथं सगळेच चुकीच्या शेजाऱ्याजवळ.
आच वाढली की ती जोडी आडवी चढते
आणि तिथंच अडकून बसते.
म्हणून पोलाद जिथं मान टाकतं
तिथं या धातूची ताकद वाढते.
सातशे अंशांपर्यंतचा आलेख मी हातानं काढलाय,
वेरूळच्या घाटासारखा, चढताच.

अडचण थंडपणाची आहे.
तापलेला असताना कुणाला न ऐकणारा हा
साध्या खोलीत, साध्या ओढीला
टक्.
कणांच्या सीमेवरून सरळ, जशी खडीसाखर.

मार्चपासून एकेचाळीस नमुने.
काही आठ टक्के ताणले, काही दोनवरच गेले.
तेच वजन, तीच भट्टी, तोच मुख्तार.
मी निकेलच्या व्यापाऱ्याला फोनवर नको ते बोलले.
पुण्याच्या कंपनीला टर्बाइनच्या पात्यासाठी
जूनअखेर उत्तर हवं होतं,
आणि माझ्याकडे दोन उत्तरं होती.

मग एका मंगळवारी मुख्तारनं
वहीत तारखांपुढं निळ्या पेनानं टिंबं काढली.
हे काय?
टँकर आला ते दिवस.
मग?
टँकर आला की कूलर चालतोय, मॅडम.
कूलर चालला की तुटायलाय.

मी खिडकीकडे पाहिलं.
ओला वाळा, टपटपणारी नळी,
आमच्या घामावर येणारा तो गार, दमट झोत
थेट मशीनच्या जबड्यावर.
बाष्पातला ऑक्सिजन अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं,
सुटा झालेला हायड्रोजन
भेगेच्या टोकातून आत शिरतो.
पुस्तकात होतं हे. मी वाचलंही होतं.
परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं.

पाण्याला भिणारी चीज,
मुख्तार हसत सुटला,
आणि जन्माला कुठं आली तर आपल्याकडं!

दोन आठवडे कूलर बंद.
आम्ही कपाळाला ओले रुमाल बांधायचो
आणि नमुना लावताना ते बाहेर ठेवून यायचो.
भुजंग टँकर घेऊन आला, दारातूनच परत गेला,
म्हणाला, पाणी नको म्हणणारं गिऱ्हाईक
बापजन्मात पाहिलं नाही.
सगळे नमुने ताणले. सात, आठ, एकदा नऊ.
पण विमान कोरड्या खोलीत उडत नाही.

म्हणून बोरॉन.
हजार ग्रॅमला एक ग्रॅम, तोही भरून नाही.
वितळताना कणांच्या सीमांवर जाऊन बसतो,
जिथं दोन विणी एकमेकींना ओळखत नाहीत
तिथल्या फटीत.
तराजूवर तो घेताना मी श्वास रोखला होता,
फुंकरीनं उडाला असता.

आज बुधवार. नमुना त्रेसष्ट.
भुजंगची टाकी भरलेली, कूलर चालू,
मुद्दाम, पूर्ण वेगावर.
दोनचा आकडा गेला. तीन गेला.
मुख्तार मशीनकडे बघत नाहीये.
तो बादली घेऊन
वाळ्यावर वरून आणखी पाणी ओततोय.